कोसबाडचा धडा वसई केव्हा गिरविणार?

नोव्हेंबर २०२५ मध्ये, बालदिनाच्याच सुमारास, वसई पूर्वेतील सातिवली येथून एक दुःखद वार्ता आली. शाळेत उशिरा पोचलेल्या सहावीतील एका मुलीला पाठीवर दप्तर असतानाच शंभर उठाबशा काढावयास लावल्याचा आरोप झाला. त्यानंतर तिची प्रकृती बिघडली आणि काही दिवसांनी रुग्णालयात तिचा अंत झाला. पोलिसांनी गुन्हा नोंदविला. शिक्षा आणि मृत्यू यांचा संबंध किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. त्या बाबतीत आगाऊ निवाडा देण्याची आमची इच्छा नाही. तथापि एक प्रश्न न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबून राहण्यासारखा नाही. मूल चुकले की त्याच्या देहाला कष्ट द्यावेत, ही कल्पना आपल्या शिकल्या-सवरलेल्या समाजातून अद्याप हद्दपार का झालेली नाही? शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून देशात लागू आहे. त्याच्या सतराव्या कलमाने शाळांतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना स्पष्ट मनाई केली आहे. असे असूनही पालक, शिक्षक आणि शेजारी यांच्यापैकी अनेकांच्या मनातील छडी काही मोडलेली नाही.

सातिवलीची मुलगी सहावीत होती. काय घडले ते निदान ती घरी येऊन सांगू शकत होती, आणि कायद्याचे छत्रही तिच्या डोक्यावर होते. आज आम्हांस ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे, त्या दोन ते सहा वर्षांच्या बालकांजवळ या दोन्ही गोष्टी नाहीत. त्यांना आपले दुःख शब्दांत मांडता येत नाही, आणि शिक्षणहक्काचा कायदा सहाव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंतच्या मुलांपुरता आहे. ज्या वयात माणूस सर्वांत दुबळा असतो, नेमके त्याच वयाला त्या कायद्याने दाराबाहेर ठेविले आहे.

पापडीच्या नाक्यावर सकाळी थोडा वेळ उभे राहिले तरी या प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येईल. वसई रोड स्थानकाकडे जाणाऱ्या बसगाड्या आणि रिक्षा भरून निघत असतात. आई-वडील दोघेही मुंबईची गाडी पकडण्याच्या घाईत असतात, आणि कडेवरचे अर्धवट झोपेतले मूल कोणा शेजारणीच्या, पाळणाघराच्या किंवा इमारतीच्या तळमजल्यावर उघडलेल्या एखाद्या बालवर्गाच्या स्वाधीन होत असते. एके काळी याच पापडीत, वाडीतल्या घराच्या ओसरीवर, आजी आणि काकू मिळून चार घरची मुले सांभाळीत. ती ओसरी आता राहिली नाही. त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. स्त्री घराबाहेर पडली, हे चांगलेच झाले. मात्र ओसरीची जागा ज्या खोलीने घेतली, ती खोली कशी आहे, तेथे मुलाजवळ कोण बसते आणि त्या व्यक्तीला बालमनाचे काही ज्ञान आहे की नाही, हे विचारण्याची तसदी आपण घेतली आहे काय?

रोमची चाळ आणि बोर्डीचे अंगण

हा प्रश्न केवळ वसईचा नाही आणि आजचाही नाही. १९०७ साली रोम शहरातील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत अगदी हाच प्रश्न उपस्थित झाला होता. आई-बाप दिवसभर कामावर जात; मागे राहिलेली लहान मुले जिन्यांवर धुडगूस घालीत आणि भिंती खराब करीत. इमारतींच्या चालकांना त्या मुलांच्या विकासाची फारशी फिकीर नव्हती; भिंती वाचाव्यात एवढीच त्यांची इच्छा. त्यासाठी त्यांनी डॉ. मारिया मॉन्टेसरी यांना बोलाविले. बाईंनी त्या मुलांना शिक्षा केली नाही. त्यांच्या उंचीची टेबले-खुर्च्या करविल्या, त्यांच्या हातांना पेलेल असे साहित्य दिले आणि ते स्वतः हाताळण्याची मोकळीक दिली. तेव्हा जी मुले उनाड म्हणून ओळखली जात होती, तीच तासन्‌तास एकाग्र होऊन काम करू लागली आणि वस्तू जागच्या जागी ठेवू लागली. भिंतीही वाचल्या! मुलाचे वागणे पुष्कळ अंशी त्याच्या भोवतालच्या परिस्थितीचे उत्तर असते, हा सिद्धांत त्या चाळीत सिद्ध झाला.

हा विचार आपल्या मातीत रुजविण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक ही नावे अग्रभागी आहेत. भावनगरला गिजुभाईंच्या सहवासात ताराबाईंनी बालशिक्षणाचे व्रत घेतले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मात्र शहरातील सुखवस्तू घरांतील मुलांपुरते हे शिक्षण राहावे, हे ताराबाईंना रुचेना. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्रामबालशिक्षणाचे केंद्र काढले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या या बाईंनी पुढची सारी हयात याच कामात वेचली.

बोर्डीत त्यांना आढळले की गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येतच नाहीत. तेव्हा मुले येत नाहीत म्हणून पालकांना दोष देत न बसता बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडी हा शब्द आणि ती संस्था अशी जन्मास आली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे येथून शिक्षणाचा आरंभ होई. परदेशी महागड्या साहित्याऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे आणि मातीची भांडी उपयोगात आली. १९५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखावयास जात, म्हणून शिक्षक कुरणावर गेले आणि कुरणशाळा भरली. मोठ्या बहिणी धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहत, म्हणून शाळा, बालवाडी आणि पाळणाघर एकाच आवारात आणून विकासवाडी उभी राहिली. मुलाला काय अडते ते आधी पाहावे आणि मग संस्थेची रचना करावी, हा या सर्व प्रयोगांचा गाभा होता. शासनाने ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री देऊन गौरविले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि बोर्डीच्या अंगणातील ‘अंगणवाडी’ हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यांत गेला.

बोर्डी आणि कोसबाड ही दोन्ही गावे २०१४ पासून आपल्याच पालघर जिल्ह्यात आहेत. विरारहून सुटणारी डहाणू लोकल दीड तासाच्या आत तेथे नेऊन पोचविते. परंतु वसईचा सुशिक्षित पालक आपल्या मुलाचे नाव बालवर्गात घालताना इंग्रजी नाव, रंगीत भिंत आणि गणवेश पाहतो. कोसबाडच्या टेकडीची त्याला आठवण होत नाही. इतकेच काय, पुष्कळांच्या लेखी अंगणवाडी म्हणजे गरिबांच्या मुलांना खिचडी देण्याची जागा! या तुच्छतेचे प्रायश्चित्त आपल्याच मुलांना भोगावे लागत आहे, ही गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. अंगणवाडीत मुलाचे वजन-उंची नोंदविण्याची, लसीकरणाची चौकशी करण्याची व्यवस्था आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमानुसार तेथील मुलांची वर्षातून दोन वेळा वैद्यकीय तपासणी व्हावयाची असते. अंमलबजावणीत उणिवा आहेत; पण निदान व्यवस्था आहे. भरमसाट शुल्क घेणाऱ्या खासगी बालवर्गांवर असे कोणतेच बंधन व्यवहारात दिसत नाही. श्रमिकाच्या मुलासाठी जे निदान कागदावर आहे, ते मध्यमवर्गीयाच्या मुलासाठी कागदावरही नाही, असा हा उलटा न्याय आहे.

हट्ट कशाला म्हणावे?

मूल हट्टी आहे, मारकुटे आहे, ऐकत नाही, अशा तक्रारी घराघरांतून ऐकू येतात. त्यांचा विचार करताना पहिली पायरी शरीराची आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत दहा ते तेरा तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. वडील शेवटच्या गाड्यांपैकी एखादीने घरी येतात, मूल त्यांच्यासाठी अकरापर्यंत जागते आणि सकाळी सहाला पुन्हा उठविले जाते. हे मूल दुपारी बालवर्गात रडले, तर त्यात त्याच्या स्वभावाचा दोष कोणता? त्याच संघटनेने दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून एका तासापेक्षा अधिक काळ पडद्यापुढे बसू नये, असेही बजाविले आहे. येथे तर भ्रमणध्वनी हातात दिल्याखेरीज घास तोंडात जात नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची देशातील ६७ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आढळली. रक्तक्षय झालेले मूल चिडचिडे होते, लवकर थकते आणि त्याचे लक्ष लागत नाही. कान वारंवार फुटणाऱ्या मुलाला तर हाक नीट ऐकूच येत नाही. अशा ‘न ऐकणाऱ्या’ मुलाला धपाटा घालण्यापूर्वी त्याचा कान वैद्याला दाखवावयास नको काय?

दुसरी पायरी मनाची आहे. दोन वर्षांच्या मुलाला राग येतो, मत्सर वाटतो, भीती वाटते. परंतु त्या भावनांना नाव देण्याइतकी भाषा त्याच्याजवळ नसते. म्हणून ते चावते, ढकलते, जमिनीवर लोळण घेते. आवेग आवरण्याची मेंदूची शक्ती या वयात नुकतीच आकार घेऊ लागलेली असते. जाणती शिक्षिका अशा वेळी खाली बसून मुलाच्या डोळ्यांशी डोळे मिळविते, दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून त्याचा हात हलकेच धरते आणि सांगते, ‘तुला राग आला आहे, गाडी तुला हवी होती, पण मारायचे नाही.’ राग मान्य आणि मारणे अमान्य, हा भेद मुलाला याच रीतीने कळतो. खेळ आवरण्याआधी थोडी पूर्वसूचना देणे, रोजचा क्रम सहसा न मोडणे, लाल पेला हवा की निळा एवढा तरी निर्णय त्याच्यावर सोपविणे, या साध्या गोष्टींनी निम्मे तंटे टळतात. पालकांनीही मुलाची नजर चुकवून पळ काढू नये. ‘मी संध्याकाळी दूध पिण्याच्या वेळी येईन’ असे सांगून निरोप घेतला आणि वचन पाळले, तर रडणे काही दिवसांत ओसरते. फसवून गेलेल्या आईची वाट पाहणारे मूल मात्र दिवसभर दारावरची दृष्टी हलवीत नाही.

येथे कोणी म्हणेल की आम्हीही मार खाऊनच मोठे झालो, आमचे काय बिघडले? हा युक्तिवाद आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. ज्यांचे बिघडले नाही ते बोलावयास पुढे येतात. ज्यांनी शाळाच सोडली, ज्यांची जीभ कायमची अडखळली, ते येत नाहीत, हा त्याचा एक भाग. दुसरा असा की जे निभावले ते मारामुळे नव्हे. घरातील दहा माणसांपैकी कोणीतरी मागाहून जवळ घेतले, म्हणून. आजच्या दोन खोल्यांच्या घरात ते जवळ घेणारे दुसरे माणूस कोठे आहे? छडी नको याचा अर्थ शिस्त नको, असाही कोणी करू नये. लाड करून मुलाला मोकाट सोडणे हीदेखील आळसाचीच एक रीत आहे. कोसबाडला वस्तू जागेवर ठेवणे, रांगेत हात धुणे, आपले काम आपण करणे यांचा कटाक्ष होता. ती शिस्त सवयीने लागे, आणि म्हणून शिक्षिकेची पाठ वळली तरी टिकत असे. भीतीने आलेली शिस्त छडी दृष्टिआड होताच संपते.

पाणी, रस्ता आणि बंद दार

तिसरी पायरी सुरक्षिततेची. आपल्या वसईचे वैभव असलेली बावखले, विहिरी आणि तळी गोड्या पाण्याचे साठे आहेत. ती बुजविण्याची घाई झालेल्यांना लहान मुलांचे निमित्त मिळू नये, अशी आमची इच्छा आहे. पण म्हणूनच त्यांच्या काठांना कुंपण असणे अगत्याचे आहे. जगात २०२१ साली सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. त्यासाठी बावखलच हवे असे नाही. न्हाणीघरातील भरलेली बादलीही रांगत्या मुलाचा जीव घेण्यास पुरते. बांगला देशात असे दिसले की ही बालके बहुधा सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात, आई कामात गुंतलेली असताना, पाण्यात पडतात. तेथे गावोगावी याच वेळेपुरती पाळणाघरे काढण्यात आली आणि त्यांमुळे बुडून मरणाऱ्या मुलांचे प्रमाण फार मोठ्या अंशाने घटले. त्या केंद्रांना तेथे ‘आंचल’, म्हणजे पदर, असे नाव आहे. चांगले पाळणाघर ही आईची चैन नसून बालकाच्या जिवाचे संरक्षण आहे, याला याहून निराळा पुरावा कशाला हवा?

दुसरे संकट माणसांचे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने सारा महाराष्ट्र हादरला आणि संतप्त जमावाने रेल्वेमार्ग रोखून धरला. त्या संतापाचे पर्यवसान बहुतेक ठिकाणी चित्रण करणारी यंत्रे भिंतीवर टांगण्यात झाले. यंत्रे हवीतच, परंतु यंत्र घटना टिपते, ती टाळीत नाही. मुलांना स्वच्छतागृहात कोण नेते, एकटे मूल एकट्या प्रौढाजवळ बंद दाराआड कधी राहते काय, नेमणुकीपूर्वी माणसाची पडताळणी होते काय, मुलाला न्यावयास आलेल्या व्यक्तीची खात्री कोण करते, हे प्रश्न प्रत्येक पालकाने नाव घालण्याच्या दिवशीच विचारावयास हवेत. आणि मुलाला आपल्या घरात ‘नको’ म्हणण्याची सवय हवी. वडीलधाऱ्यांपुढे केवळ मान तुकविण्यास शिकलेले मूल संकटात ओरडणार कसे?

आमची मागणी

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांचे संगोपन आणि शिक्षण यांसाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यावर सोपविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पाया मानला. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७५ वे कलम अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलावरील क्रौर्याला शिक्षा सांगते. परंतु ते घटना घडून गेल्यावर कामास येते. घटना घडू नये म्हणून काय, या प्रश्नाचे उत्तर नगरव्यवस्थेने दिले पाहिजे. म्हणून आमची पहिली सूचना अशी की वसई-विरार महानगरपालिकेने आपल्या हद्दीतील प्रत्येक बालवर्गाची आणि पाळणाघराची मोजदाद करावी आणि ती यादी नागरिकांपुढे ठेवावी. नुसती नोंद म्हणजे देखरेख नव्हे. वर्षातून किमान दोनदा प्रत्यक्ष भेट देऊन जागा, पाणी, स्वच्छतागृह, बाहेर पडण्याचा मार्ग आणि मुलांमागे माणसे किती, हे पाहावे. दुसरी सूचना, अंगणवाडीतील मुलांसारखीच या मुलांचीही वैद्यकीय तपासणी व्हावी. खर्च संस्थांनी सोसण्यास हरकत नाही. तिसरी, शारीरिक शिक्षा होणार नाही अशी लेखी हमी प्रत्येक संस्थेने दर्शनी भागात लावावी.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत गैरसोयीची आहे. मुलांना सांभाळणाऱ्या बाईंना शिक्षण द्या आणि पोटभर वेतन द्या. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका व मदतनीस संपावर गेल्या आणि तो संप पन्नासहून अधिक दिवस चालला. त्या जे मागत होत्या, ती भीक नव्हती. खासगी बालवर्गांतील अनेक शिक्षिकांची स्थिती याहून निराळी नाही. फरक इतकाच की त्यांना संप करता येत नाही. जिच्या स्वाधीन वीस मुले आहेत, जी स्वतः थकलेली आणि विवंचनेत आहे, तिने हट्टी मुलासमोर बसून शांतपणे बोलावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? इमारतीच्या रंगावर होणारा खर्च बाईंच्या वेतनावर होतो की नाही, हे पालकसभेत विचारण्याचे धैर्य आमच्या वाचकांनी दाखविले पाहिजे.

शासन करील तेव्हा करील. पापडीसारख्या गावात मात्र आजही पुष्कळ काही उभे आहे. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाल्यापासून त्याचे कॅथीड्रल येथे आहे. जुन्या शिक्षणसंस्था, वाचनालये, महिलामंडळे आणि बचतगट या परिसरात आहेत. त्यांच्यापैकी चार संस्थांनी मिळून एक सभागृह आठवड्यातून एक संध्याकाळ दिले, तर बालवर्गांच्या शिक्षिका, पाळणाघरे चालविणाऱ्या भगिनी आणि तरुण पालक यांचा अभ्यासवर्ग तेथे सुरू होऊ शकेल. त्याला मोठी रक्कम लागत नाही. बोर्डीच्या अंगणात शिंपले आणि बियांवर जे साधले, ते येथे का साधू नये? उद्या सकाळी पापडीच्या नाक्यावर पुन्हा तीच घाई असेल आणि पुन्हा तीच अर्धवट झोपेतली मुले कोणाच्या तरी हवाली होतील. त्यांना घेणारा तो दुसरा हात जाणता आणि मायेचा आहे, एवढी खात्री आई-वडिलांना गाडीत पाऊल ठेवताना देता आली, तरच आपण या शहराचे नागरिक म्हणवून घेण्यास पात्र ठरू.